पायांतले बळ, साखळीतली अक्कल

घाट सुरू झाला की सायकलवरून उतरायचे, मागच्या चाकाचे विंगनट बोटांनी सोडवायचे, चाक काढून उलटे फिरवायचे, साखळी दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चढवायची, चाक मागे ओढून साखळीचा ताण जमवायचा, नट आवळायचे आणि पुन्हा टांग मारायची. माथा आला की हाच उद्योग उलट्या क्रमाने. बोटे थंडीने बधिर झालेली असोत की हात चिखलाने माखलेले असोत, त्यातून सुटका नाही. १९३६पर्यंत तूर द फ्रान्समध्ये आघाडीवर धावणारे सायकलपटू आल्प्स आणि पिरेनीजमधले घाट असेच चढत. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना कमीअधिक दातांची चक्रे, हीच काय ती त्यांची गिअरव्यवस्था. हे वाचून कुणालाही वाटेल की साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे यंत्र, म्हणजे डिरेलर, तेव्हा निघालेच नसेल. पण ते निघाले होते. फ्रान्समधले हौशी प्रवासी तसली यंत्रे लावून त्याच डोंगरांत कित्येक वर्षे फिरत होते. शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि तिच्या बड्या खेळाडूंना डिरेलर वापरण्याची मोकळीक मिळाली ती १९३७ साली. हा सगळा उशीर तंत्राच्या खात्यावर मांडता येत नाही. त्यामागे एक समजूत होती: खरा गडी पायांच्या बळावर चढतो, यंत्राचा आधार घेतो तो कच्चा. ही समजूत सायकलवाल्यांच्या बोलण्यात आजही आहे. मोठ्या दातांचे चक्र लावून घाट चढणाऱ्याला अजूनही हलकेच हिणवले जाते. गिअरचा इतिहास नीट पाहिला तर ही समजूत टिकत नाही, एवढेच नव्हे तर गिअर कुणी घडवला याचे उत्तरही अनपेक्षित मिळते. तो घडवला एकमेकांशी अखंड गिअरबद्दल बोलणाऱ्या हौशी लोकांनी.

आधी गिअर म्हणजे नेमके काय हे पाहू. साखळी येण्यापूर्वीच्या सायकलीला पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असत. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे, म्हणून ते छातीएवढे उंच झाले. ५२ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात ४.१५ मीटर जाई. चाकाचा व्यास हाच त्या सायकलीचा गिअर होता, आणि इंग्रजी पद्धतीत गिअर आजही इंचांत मोजतात तो त्याच काळाचा वारसा. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलने साखळीने मागचे चाक फिरवण्याची पद्धत रूढ केली. चाके लहान व समान झाली, १८८८ साली डनलप यांनी हवेचे टायर आणले आणि आजची सायकल साकारली. पण यातली मोठी क्रांती साखळीत दडलेली होती. आता गिअर चाकाच्या उंचीवर अवलंबून राहिला नाही, पुढच्या आणि मागच्या चक्रांच्या दातांच्या प्रमाणावर आला. चाक तेच ठेवून, नुसती साखळी हलवून, सायकल जड किंवा हलकी करता येऊ लागली. फ्रेंच लोक पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते हे मोजतात, आणि ते माप समजायला सोपे आहे. पुढे ४४ आणि मागे २० दात असतील तर सायकल एका फेऱ्यात सुमारे ४.६ मीटर जाते. चढावर ताशी ८ किलोमीटर वेग राखायचा तर पाय मिनिटाला जेमतेम २९ फेरे घेतील. प्रत्येक फेऱ्याला अंगाचा सारा भार पायडलवर टाकावा लागेल. पुढे ३४ आणि मागे ३४ दात ठेवले तर त्याच वेगाला पाय मिनिटाला ६३ फेरे घेतील आणि प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर निम्म्याहून कमी होईल. डोंगर तेवढाच चढायचा आहे, वजनही तेवढेच वर न्यायचे आहे. कामात कणभर सूट नाही. गिअर फक्त त्या कामाचे हप्ते पाडतो, गुडघ्यांना आणि फुप्फुसांना पेलतील असे.

ही गोष्ट ज्याने आयुष्यभर सांगितली तो माणूस शर्यतवीर नव्हता. पॉल द व्हिव्ही हे १८५३ साली जन्मलेले, सेंत-एतियेन शहरातले रेशमाचे व्यापारी. सायकलीच्या नादापायी त्यांनी तो व्यवसाय सोडला, १८८७ साली मासिक काढले, ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने प्रसिद्ध झाले, आणि व्हेलोसिओ या टोपणनावाने ते लिहू लागले. सेंत-एतियेन हे बंदुकांचे आणि फितींचे गाव, म्हणजे बारीक धातुकाम आणि नाजूक यंत्रे हाताखालची असणाऱ्या कारागिरांचे गाव. शिवाय गावाच्या दक्षिणेला लगेच कोल द ला रेपुब्लिक हा ११६१ मीटर उंचीचा घाट. कारागीर आणि चढ एकाच ठिकाणी, त्यामुळे कल्पना सुचली की ती करून पाहायची, आणि केलेली वस्तू लगेच घाटावर तपासायची, हा क्रम तिथे सहज जमला. सुरुवातीला दोन चक्रांवर साखळी हाताने उचलून ठेवावी लागे. मग डाव्या-उजव्या बाजूंना दोन साखळ्या आल्या, मग साखळी हलवणारे दांडे आले. व्हेलोसिओंच्या मासिकात या साऱ्याची चर्चा चाले: कुठला रस्ता, किती चढ, किती मीटरचा गिअर, कुठे साखळी घसरली. वाचक लिहीत, दुसरे वाचक उत्तर देत. आज दोन सायकलस्वार भेटले की ज्या गप्पा मारतात त्याच या गप्पा, फक्त त्या छापल्या जात होत्या आणि त्यामुळे एकाचा अनुभव शंभरांच्या कामी येत होता. त्यांच्याभोवतीच्या मंडळींना पुढे सेंत-एतियेनचा संप्रदाय म्हटले गेले ते योग्यच होते. तिथे विक्रम हा निकष नव्हता. दिवसभर चालवून संध्याकाळी माणूस ताजा राहतो का, हा निकष होता.

दुसऱ्या बाजूला उभे होते आंरी देग्रांज. त्यांना अडाणी विरोधक ठरवणे अन्यायाचे होईल. ते स्वतः कसलेले सायकलपटू होते. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या बफेलो ट्रॅकवर त्यांनी एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले आणि तासाच्या विक्रमाच्या अधिकृत यादीतले पहिले नाव त्यांचे लागले. ‘लोतो’ या वृत्तपत्राचे संपादक म्हणून त्यांनी १९०३ साली तूर द फ्रान्स सुरू केली. एवढेच कशाला, लांब पल्ल्याच्या हौशी भ्रमंतीचा ओदाक्स प्रकार १९०४ साली फ्रान्समध्ये रुजवण्यातही त्यांचाच हात होता. म्हणजे प्रवासी सायकलस्वाराशी त्यांचे वैर नव्हते. त्यांचे म्हणणे असे की गिअर उतारवयातल्या माणसाला ठीक, पण खेळाडूने स्नायूंच्या जोरावर जिंकावे, नाहीतर माणसे मऊ पडतील. पण त्यांच्या या मताआधीच त्याचे उत्तर रस्त्यावर मिळत होते. १९०२च्या ऑगस्टमध्ये तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने पिरेनीजमध्ये प्रवासी सायकलींची चाचणी घेतली. वाटेत २११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट होता. गिअरच्या सायकली तो चढून गेल्या, आणि त्या चालवणाऱ्यांत मार्त एस ही स्त्रीही होती. आता आठ वर्षांनंतरची नोंद तिच्याशेजारी ठेवून पाहा. १९१० साली तूर द फ्रान्स पहिल्यांदा तूरमालेवर नेण्यात आली, ल्युशों ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात. तो टप्पा आणि ती शर्यत जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझला तूरमालेवर उतरून सायकल ढकलावी लागली. गुस्ताव्ह गारिगू पाय न टेकता माथ्यावर पोहोचला, तर त्याला शंभर फ्रँकचे खास बक्षीस मिळाले. हौशी लोक गिअर लावून जे करून चुकले होते, तेच व्यावसायिकांनी गिअरविना केले की बक्षिसाला पात्र ठरत होते. पराक्रम मोठा दिसावा म्हणून साधन तोकडे ठेवले होते, असाच याचा अर्थ निघतो.

त्या तोकडेपणाचे एक चित्र सायकलविश्व अजून विसरलेले नाही. १९१३ साली तूरमाले उतरताना अजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर घेऊन तो काही तास चालत सेंत-मारी-द-कांपां गावात पोहोचला, लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने फोर्क जोडला, आणि हा सगळा वेळ शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता मारायला एका पोराने हात लावला म्हणून त्याला दंडही झाला. ही कथा ऐकताना ऊर भरून येतो आणि यायलाच हवा. क्रिस्तोफचे धैर्य निखळ होते. पण धैर्य खेळाडूचे होते, नियमाचे नव्हते, हा भेद आपण करत नाही. माणूस कठोर नियमाला पुरून उरला म्हणून नियम शहाणा ठरत नाही. शर्यत वृत्तपत्राची होती, वृत्तपत्र खपायला अशा कथा लागत, आणि सोपा गिअर अशा कथा कमी करील ही भीती त्या विरोधात मिसळलेली होती, असे मानायला जागा आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार मेकॅनिकचा असेल. सुरुवातीचे डिरेलर खरोखरच कच्चे होते. साखळी उतरे, चिखलाने अडे, घर्षणात जोर वाया जाई. मग बंदीला दोष का द्यायचा? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. वस्तू कच्ची असेल तर शर्यतवीर ती स्वतःहून टाळतो, त्यासाठी नियम करावा लागत नाही. १९१२ साली सेंत-एतियेनच्या ज्वानी पानेल यांनी आपली गिअरची सायकल तूरमध्ये उतरवली होती, म्हणजे जोखीम घ्यायला माणसे तयार होती. शिवाय कच्ची वस्तू वापरातूनच पक्की होते. १९२८च्या सुमारास दिजोंच्या ल्युसियें ज्युई यांचा सिम्प्लेक्स डिरेलर आला तोवर यंत्राने बरीच मजल मारली होती. १९३०च्या दशकात सुपर चॅम्पियन हा डिरेलर आला, आणि त्याचा कर्ता तर ट्रॅकचा राजा होता. स्विस सायकलपटू ऑस्कर एग याने १९१४ साली एका तासात ४४.२४७ किलोमीटर अंतर कापून केलेला विक्रम १९३३पर्यंत अबाधित होता. एका स्थिर गिअरवर इतका वेग काढणारा माणूस निवृत्तीनंतर रस्त्यासाठी गिअर बदलण्याचे यंत्र बनवतो, याहून बोलकी साक्ष कुठली? उलट कच्चेपणाचेच बोलायचे तर १९४८चे उदाहरण पाहावे. जिनो बार्तालीने त्या वर्षी तूर जिंकली ती कॅम्पन्योलोच्या कांबिओ कोर्सा गिअरवर. त्यात चालत्या सायकलवर हात मागे नेऊन एका दांड्याने मागचे चाक सैल करायचे, पायडल उलटे फिरवत दुसऱ्या दांड्याने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. चुकला की पडला. एवढी किचकट वस्तूसुद्धा जगातल्या पहिल्या नंबरच्या घाटवीराने पत्करली, कारण खाली उतरून चाक उलटवण्यापेक्षा ती कितीतरी बरी होती. तंत्र अपुरे होते हे खरे, पण अपुऱ्या तंत्राचा फायदाही सर्वांना दिसत होता.

दुसरा आक्षेप समतेचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. यंत्राला मोकळे रान दिले की श्रीमंत कंपनीचा खेळाडू जिंकेल, मग शर्यत माणसांची न राहता कारखान्यांची होईल. देग्रांज यांची ही भीती पोकळ नव्हती. १९२९ साली आजारी मोरिस द वाल याला अल्सियों कंपनीच्या संघाने सांभाळत जिंकवून नेले. देग्रांज इतके संतापले की पुढच्या वर्षी त्यांनी कंपन्यांचे संघच काढून टाकले, राष्ट्रीय संघ आणले आणि सर्वांना आयोजकांतर्फे एकसारख्या, कंपनीचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली दिल्या. पण याच उपायात आक्षेपाचे उत्तर आहे. सर्वांना एकसारखी सायकल देता येते, तर सर्वांना एकसारखा गिअरही देता आला असता. समता साधायला साधन सारखे असावे लागते, ते तोकडे असण्याची गरज नसते. १९३६ साली आजारपणामुळे देग्रांज बाजूला झाले, जाक गोदे यांच्याकडे सूत्रे आली, आणि पुढच्याच वर्षी डिरेलरला मुभा मिळाली. रोजे लापेबी त्या वर्षी डिरेलरवर तूर जिंकला. यंत्रात एका वर्षात असा कुठला चमत्कार झाला नव्हता. खुर्चीवरचा माणूस बदलला होता. आणि त्यानंतर माणसे मऊ पडली का? बार्तालीने १९३८ साली तूर जिंकली आणि मध्ये महायुद्ध जाऊन दहा वर्षांनी पुन्हा जिंकली. १९५२ साली फाउस्टो कोप्पीने आल्प द्युएझ हा घाट तूरमध्ये पहिल्यांदाच आला तेव्हा सर्वांना मागे टाकले. सायकलच्या शर्यतीतले बहुतेक दंतकथा झालेले पराक्रम गिअर आल्यानंतरचे आहेत. चढाची लढत संपली नाही, ती अधिक वेगाने आणि अधिक चुरशीने होऊ लागली.

तिसरा आक्षेप ट्रॅकवाल्यांचा. ट्रॅकच्या सायकलला आजही एकच स्थिर गिअर असतो. फ्रीव्हील नाही, ब्रेक नाही, चाक फिरते तोवर पाय फिरतात, वेग कमी करायचा तर पायांनीच रोखायचे. तिथे कुणी गिअर मागत नाही, उलट त्या साधेपणाचा अभिमान बाळगतात. मग देग्रांज बरोबर नव्हते का? उत्तर एकाच माणसाच्या दोन कामगिऱ्यांत सापडते. कोप्पीने १९४२ साली मिलानच्या विगोरेल्ली ट्रॅकवर तासाचा विक्रम केला तो एका स्थिर गिअरवर, आणि आल्प द्युएझ जिंकला तो डिरेलरवर. एडी मर्क्सने तूर पाच वेळा जिंकली ती गिअर बदलत, पण २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले ते पुढे ५२ आणि मागे १४ दात असा एकच गिअर लावून, म्हणजे फेऱ्याला सुमारे ७.८ मीटर. ट्रॅकवर चढ नाही, उतार नाही, चिखल नाही. एकदा लय लागली की एकच गिअर शेवटपर्यंत पुरतो. तिथला एकच गिअर हा रस्त्याचे मोजमाप करून काढलेला निष्कर्ष आहे. घाटातला हलका गिअर हाही तसाच निष्कर्ष आहे. दोघांना एकाच तराजूत घालून एकाला मर्दानी आणि दुसऱ्याला लेचापेचा ठरवणे चुकीचे आहे. शिवाय ट्रॅकवरही पायांचे बळ कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होते ही रेघ कायमची आखलेली नाही. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने आडवे पडून चालवायच्या सायकलवर एगचा विक्रम मोडला, तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने पुढच्या वर्षी तसल्या सायकलीच शर्यतीबाहेर काढल्या. १९९३ साली ग्रॅम ओब्री याने धुलाईयंत्राच्या बेअरिंग बसवलेल्या, स्वतः बनवलेल्या सायकलवर ५१.५९६ किलोमीटर काढले. २००० साली संघाने घड्याळ मागे फिरवले, मर्क्सच्या काळासारखी सायकल सक्तीची केली, आणि ख्रिस बोर्डमनने तशा सायकलवर ४९.४४१ किलोमीटर कापून मर्क्सला अवघ्या दहा मीटरने मागे टाकले. २०१४ साली तोही नियम बदलला. दर वेळी रेघ माणसांनी आखली आणि माणसांनीच पुसली. खेळाला नियम हवेतच. पण नियमाला निसर्गाचा किंवा शौर्याचा मुलामा देऊ नये.

उरतो तो आजचा आक्षेप. गिअरच्या गप्पा म्हणजे महागड्या वस्तूंची हाव, चालवणे बाजूला राहते आणि कॅटलॉग वाचणे वाढते, असे अनेक ज्येष्ठ सायकलपटू म्हणतात. हावेबद्दलची त्यांची चीड रास्त आहे. पण व्हेलोसिओंच्या मासिकातल्या गप्पा आणि ही हाव यांतला फरक ओळखता येतो. एक बोलणे किमतीपासून सुरू होते आणि नावापाशी संपते. दुसरे बोलणे रस्त्यापासून सुरू होते आणि गुडघ्यापाशी संपते. आपल्याकडेही या दुसऱ्या बोलण्याची गरज रोजची आहे. पुणे, मुंबई, नाशिक इथले हौशी सायकलस्वार आज ज्या ब्रेव्हे राइड करतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, त्यांची पद्धत पॅरिसच्या ओदाक्स क्लबने घालून दिलेली आहे, म्हणजे ती थेट त्याच हौशी भ्रमंतीच्या परंपरेतून आली आहे. खंबाटकी किंवा पसरणी घाट दीडशे किलोमीटर झाल्यावर समोर येतो तेव्हा मागे २५ दात आहेत की ३४, यावर राइड पुरी होणार की गुडघा धरून बसायचे हे ठरते. नवख्याला कुणीतरी हे आधी सांगावे लागते. जो मोठे चक्र लावल्याबद्दल हिणवतो तो ही मदत करत नाही. तो शंभर वर्षांपूर्वीची एका वृत्तपत्राच्या शर्यतीची नियमावली नकळत पुढे चालवतो.

पॉल द व्हिव्ही १९३० साली सेंत-एतियेनमध्ये ट्रामच्या अपघातात गेले, तूरने डिरेलर स्वीकारला त्याच्या सात वर्षे आधी. आपले म्हणणे मान्य झालेले त्यांना दिसले नाही, पण आज रस्त्यावरच्या शर्यतीतली प्रत्येक सायकल त्यांच्या बाजूने कौल देते. १९०३ची पहिली तूर ज्या कोल द ला रेपुब्लिक घाटावरून गेली, त्याच घाटावर १९२२पासून त्यांच्या नावाने हौशी सायकलस्वारांची चढाई होत आली आहे. त्यांच्या पद्धतीचा वारसा आपल्याला सहज चालवता येईल. पुढच्या घाटाला जाण्याआधी पुढचे-मागचे दात मोजा, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाते ते काढा, चढताना पाय कुठे अडले ते लक्षात ठेवा, आणि घरी आल्यावर ते लिहून जोडीदाराला द्या.